झेंड्याला मध्यस्थ कशाला?

देव आणि माणूस यांच्यामध्ये दलालाची गरज नाही, हे जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढून आमच्या वाडवडिलांस सांगितले. करवीर इलाख्यातील अनेक शेतकरी व कारागीर घराण्यांनी ते ऐकले आणि लग्नकार्ये आपल्याच माणसांच्या हातून करावयास आरंभ केला. ज्या गोष्टीचा अर्थ आपणांस कळत नाही ती गोष्ट दुसऱ्याच्या ताब्यात जाते, हा त्या शिकवणीतील खरा मुद्दा होता. आज आम्हांस तोच मुद्दा आपल्या राष्ट्रध्वजास लावून पाहावयाचा आहे.

दरसाल १५ ऑगस्ट व २६ जानेवारी या दोन दिवशी चावडीपुढे, शाळेपुढे, सोसायटीपुढे झेंडा चढतो. मुले सलामी देतात, खाऊ वाटला जातो, पाहुणे भाषण करून निघून जातात. पण घरी परतलेल्या कुणब्यास, कोष्ट्यास किंवा सुतारास कोणी विचारावे की, बाबा, या झेंड्यावरचे चाक कोठून आले? हे तीन रंग कोणी ठरविले आणि का? पुष्कळ जण म्हणतील, "ते मास्तरांस ठाऊक." यात त्या माणसाची उणीव नाही, त्यास कोणी नीट सांगितलेच नाही. मात्र जो अर्थ घरात नाही तो उसना आणावा लागतो, आणि उसने देणारा व्याज घेतल्याशिवाय राहत नाही. कोणी म्हणतो, केशरी पट्टा आमचा आणि हिरवा त्यांचा. कोणी चाकाच्या चोवीस आऱ्यांस चोवीस गुण चिकटवून त्याच्या याद्या वाटतो. म्हणून उसनवारी सोडून आपण मूळ दप्तरच उघडून पाहू.

बंगालच्या फाळणीविरुद्धच्या चळवळीत ७ ऑगस्ट १९०६ रोजी कलकत्त्यास पारसी बागान चौकात एक तिरंगी निशाण उभारले गेले. पुढच्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९०७ रोजी, जर्मनीतील स्टुटगार्ट येथे भरलेल्या समाजवाद्यांच्या परिषदेत मुंबईच्या मादाम भिकाजी कामा यांनी हिंदुस्थानचा झेंडा परदेशच्या प्रतिनिधींपुढे फडकविला. त्या निशाणांचे रंग व चिन्हे आजच्याहून निराळी होती. आजच्या झेंड्याचे बी पडले ते १९२१ साली बेझवाडा येथे. मच्छलीपट्टणकडील पिंगळी वेंकय्या यांनी तांबड्या व हिरव्या अशा दोन रंगांचा नमुना गांधीजींपुढे ठेवला. चरख्याची कल्पना जालंदरच्या लाला हंसराज यांची. गांधीजींनी त्यात पांढरा पट्टा घालावयास सांगितले. तेव्हाचा हिशेब असा की, तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकी सर्वांचा.

हा हिशेब टिकणारा नव्हता. एकास रंग दिला की दुसरा आपला रंग मागणारच. शिखांनी तो मागितलाही. वाटणीच्या शेताला बांध घालू लागले की बांधच वाढतात आणि पेरावयास जमीन उरत नाही, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. शेवटी १९३१ साली कराचीच्या अधिवेशनात काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तीत साताऱ्यास जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर हे आपल्या बाजूचे दोघे होते. समितीने सबंध केशरी रंगाचा, वर चरखा काढलेला झेंडा सुचविला. परंतु त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात मुंबईस भरलेल्या महासमितीने ती सूचना बाजूस ठेवली. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्यावर निळा चरखा असा झेंडा तिने मंजूर केला व त्याबरोबर स्पष्ट जाहीर केले की, या रंगांचा कोणत्याही धर्माशी वा जमातीशी संबंध नाही. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे सत्य व शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा व शौर्य. रंगांची जमातवार वाटणी अशी १९३१ सालीच मोडीत निघाली. आज जो कोणी ती वाटणी पुन्हा सांगत असेल, तो रद्द झालेला कागद खरा म्हणून खपवीत आहे.

पुढे स्वातंत्र्य दाराशी आले तेव्हा राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली झेंड्यासाठी समिती बसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही त्या समितीचे सभासद होते. २२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरू यांनी घटना समितीपुढे ठराव मांडला व तो मंजूर झाला. ठरावाचे शब्द थोडे आहेत. तीन आडवे पट्टे, गडद केशरी, पांढरा व गडद हिरवा, तिन्ही सारख्या रुंदीचे. मधल्या पट्ट्यावर गडद निळे चाक, ते चरख्याचे प्रतीक. चाकाची घडण सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शिरोभागी असलेल्या चाकाप्रमाणे. झेंड्याची रुंदी दोन तर लांबी तीन. चोवीस आऱ्यांचे चोवीस गुण या ठरावात कोठेही नाहीत. ते ज्यांनी मागाहून जोडले त्यांचा हेतू चांगलाही असेल. परंतु मूळ देवळाभोवती ओवऱ्या अशाच वाढत जातात आणि एके दिवशी ओवरीवालाच मालक होऊन बसतो.

चरखा जाऊन चाक का आले, याचे कारण नेहरूंनी त्याच भाषणात सांगितले आणि ते कोणत्याही कारागिरास पटेल असे आहे. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो. चरख्याचे एका टोकास चाक व दुसऱ्या टोकास चाती. मागच्या बाजूने पाहिला की तो उलटा दिसणार. चाक मात्र कोणीकडूनही पाहा, तसेच. गांधीजींस चरखा गेलेला रुचला नव्हता, हेही खरे. तरी ठरावाने हे चाक चरख्याचेच प्रतीक म्हणून घेतले आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. सूत काढणारी बाई त्या चाकात अजून बसलेली आहे.

आणि ते चाक अशोकाचे आहे, म्हणजे बुद्धाच्या धम्माचे आहे. अशोकाने आपल्या आज्ञा राजवाड्यात कुलपात ठेवल्या नाहीत. लोकांस समजेल अशा बोलीत, उघड्या दगडावर, रस्त्याच्या कडेला कोरविल्या. त्यातल्या काही आज्ञांचे तुकडे आपल्या ठाणे भागात सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सापडले. आमच्या जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची लेणी आहेत, तीही बौद्धांचीच. तेव्हा हे चाक काही काशीकडून नव्याने आलेले परके चिन्ह नव्हे. आमच्या डोंगरांस त्याची जुनी ओळख आहे. डॉ. राधाकृष्णन् यांनी घटना समितीत त्याचा अर्थ सांगताना गतीवर भर दिला: जे थांबले ते मेले, जे फिरते ते जिवंत. हिरव्या रंगाविषयी त्यांनी सांगितले की, तो आपले मातीशी व झाडापिकांशी असलेले नाते दाखवितो, ज्यावर बाकी सारे जीवन उभे आहे. शेतकऱ्याने हे ध्यानात धरावे. झेंड्याचा सर्वांत खालचा, सगळा भार घेणारा पट्टा मातीचा आहे, आणि तो वरच्या पट्ट्याहून एक बोटभरही अरुंद नाही.

येथे कोणी विचारील की, आम्हां कोल्हापूरकरांचा भगवा मग कोठे गेला? भगव्याचे प्रेम आमच्याही मनात आहे. तो शिवछत्रपतींचा, करवीरच्या गादीचा आणि पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याचा. परंतु १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, तेव्हापासून आमचा हक्क फक्त करवीरपुरता राहिला नाही. दिल्लीच्या तख्तावरही आमचा वाटा लागू झाला. तो वाटा तिरंग्याखाली मिळाला आहे. प्रजापरिषदेसाठी झगडलेले रत्नाप्पा कुंभार घटना समितीत जाऊन बसले ते याच न्यायाने. घरात कुलदैवताचा टाक असतो म्हणून गावच्या सातबाऱ्यावरील आपले नाव कोणी खोडीत नाही.

आता हा झेंडा वाहिला कोणी, ते पाहू. १९२३ साली नागपुरास झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जावयास सरकारने बंदी केली. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे घेतली आणि देशभरातून आलेली शेकडो माणसे तुरुंगात गेली. शेवटी १८ ऑगस्टास मिरवणूक त्याच वाटेने गेली. १९३० साली सोलापूर या गिरणीकामगारांच्या व विणकरांच्या गावावर सरकारने लष्करी कायदा लादला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. ही चार नावे पुन्हा एकदा वाचावी, आणि मग हा रंग आमचा व तो तुमचा म्हणणाऱ्याने त्या चौघांच्या नावे रंग वाटून दाखवावेत.

आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात तर १९४२ साली झेंडा नांगरधाऱ्यांच्याच हाती होता. सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला आणि तेथे तिरंगा लागला. ९ सप्टेंबर रोजी वडगाव जयराम स्वामी येथील परशुराम घार्गे झेंडा हाती घेऊन वडूजच्या कचेरीकडे निघाले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. घार्गे पडले, आणि त्या दिवशी एकूण नऊ जणांचे प्राण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरास उमाशंकर पंड्या व विष्णू बारपटे हे दोघे पडले. ज्या मुलखात पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांचे पत्रीसरकार उभे राहिले, त्या मुलखात सत्यशोधक जलशांनी आधी मशागत केलेली होती. भिक्षुकशाहीपुढे न वाकावयास शिकलेला माणूस कचेरीपुढेही वाकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इतके होऊनही, स्वतंत्र झालेल्या देशात साध्या माणसास आपल्या घरावर वाटेल त्या दिवशी राष्ट्रध्वज लावण्याची मोकळीक पुष्कळ वर्षे नव्हती. ठराविक दिवस सोडले तर तो मान सरकारी इमारतींचा व मोठ्या हुद्देदारांचा. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली, आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदाल यांच्या खटल्यात सांगितले की, मानाने झेंडा फडकविणे हा नागरिकाचा हक्क आहे. वडूजच्या शेतकऱ्याने ज्यासाठी गोळी खाल्ली ते त्याच्या नातवास बारमाही मिळावयास साठ वर्षे लागली. हक्क मिळाला तरी तो टिकविण्याचे काम आपले आहे.

तिसरी गोष्ट, हा झेंडा विणतो कोण? स्वतंत्र भारतात मालाच्या प्रतीची जी सरकारी मानके निघाली, त्यांत क्रमांक १ चे मानक राष्ट्रध्वजाचे आहे. सूत किती पिळाचे, वीण किती दाट, रंग कोणत्या छटेचा, शिवण कशी, हे सर्व त्यात ठरविलेले आहे. सर्वांत मोठा झेंडा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर व सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटर, अशी नऊ मापे आहेत. कोल्हापुराहून महामार्गाने सरळ दक्षिणेस गेले की हुबळी लागते. तेथे बेंगेरी येथे १९५७ साली स्थापन झालेला खादी संघ या मानकाप्रमाणे झेंडे करतो. त्याचे कापड बागलकोटकडील तुळसीगिरी येथे मागावर निघते. या कामात बहुतेक बायाच आहेत. आपल्या महाराष्ट्रात नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती हेच काम करते. निळे चाक कापडाच्या दोन्ही अंगांस एकावर एक तंतोतंत यावे लागते; सुतभर सरकले तरी तो झेंडा बाद. अशा कामास आम्ही कलाकुसर म्हणतो, मग करणारी बाई शाळेत गेलेली असो वा नसो.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल झाला. हातसुताच्या व हातविणीच्या कापडाबरोबर यंत्रावरचे कापड आणि पॉलिएस्टर यांसही मोकळीक मिळाली. २०२२ च्या ऑगस्टात १३ ते १५ तारखेपर्यंत घरोघरी तिरंगा लावण्याची मोहीम निघाली व टपाल कचेरीत २५ रुपयांस झेंडा मिळू लागला. हुबळीच्या संघातील कामकऱ्यांनी त्या बदलाविरुद्ध जुलै महिन्यातच आवाज उठविला होता.

या बाबतीत आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. गरिबाच्या घरावर स्वस्त झेंडा लागला, हे चांगले झाले; त्याचा आम्हांस राग नाही. यंत्रमागाचाही आम्हांस द्वेष नाही. आमच्याच जिल्ह्यात इचलकरंजीस १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला आणि तेव्हापासून हजारो घरांची चूल त्यावर पेटते. इचलकरंजीच्या मागावर निघालेल्या सुती कापडाचा झेंडा आमच्या घरावर लागला तर तो आम्हांस अभिमानाचाच. आमचा आक्षेप असा आहे की, सरकारने दार उघडताना घरातल्या माणसाची सोय पाहिली नाही. ज्या चाकास ठरावाने चरख्याचे प्रतीक म्हटले, ते चाक चरखा कधी न पाहिलेल्या कापडावर छापून विकावयाचे आणि चरखेवालीस घरी बसवावयाचे, हा कोणता न्याय? सरकारी कचेऱ्या, शाळा, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती यांनी हातविणीचाच झेंडा घ्यावा, असा नियम करणे अवघड नव्हते. घरासाठी ज्यास जे परवडेल ते त्याने घ्यावे. एवढी वाटणी केली असती तर गरिबाचा झेंडाही राहिला असता आणि विणकरणीचा रोजगारही.

काही मंडळी झेंड्याचा मान फुटांनी मोजतात. आमच्या कोल्हापुरात पोलीस उद्यानात २०१७ च्या महाराष्ट्रदिनी ३०३ फूट उंचीच्या खांबावर झेंडा चढला, आणि दुरून तो पाहून आमचीही छाती फुगली. परंतु झेंड्याची खरी उंची खांबावरून कळत नाही. खाली दोरी कोणाच्या हाती आहे यावरून कळते. २०२२ सालच्या ऑगस्टात तामिळनाडू सरकारच्या मुख्य सचिवांस सर्व जिल्हाधिकाऱ्यांस पत्र लिहून कळवावे लागले की, दलित ग्रामपंचायत अध्यक्षांस झेंडा फडकविण्यास कोणी आडकाठी करू नये. पंच्याहत्तर वर्षांनंतर असे पत्र काढावे लागते, याची लाज फक्त तामिळनाडूने बाळगावी असे नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांस आहेत. परंतु गावोगाव पाहा, सरपंचीणबाई खुर्चीवर आणि कारभार नवऱ्याच्या हाती. झेंडावंदनास ती बाजूस उभी आणि दोरी ओढण्यास पुढे भलताच कोणी. ज्या करवीरात शाहू छत्रपतींनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, ज्या करवीरात १९२० साली माणगावास बहिष्कृतांची परिषद भरली व तीत खुद्द छत्रपती हजर राहिले, तेथील एकाही गावात असे घडता कामा नये.

आमच्या वाचकांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली, येत्या ग्रामसभेत ठराव करा की, ज्याला किंवा जिला गावाने निवडून दिले त्याच माणसाने झेंड्याची दोरी ओढावी. त्याची जात, तिचा नवरा, कोणाचा मानपान, काही आड येऊ नये. दुसरी, पंचायतीचा, शाळेचा व सोसायटीचा झेंडा हातविणीचाच विकत घ्यावा. चार पैसे जास्त पडले तरी ते विणकरणीच्या घरी जातील. झेंडा फाटला तर संहितेप्रमाणे एकांतात मानाने जाळावा, गटारीत पडू देऊ नये. तिसरी व मुख्य, झेंडा चढण्यापूर्वी १९४७ च्या ठरावातील मजकूर मराठीत मोठ्याने वाचावा, आणि तो गावातल्या शाळकरी मुलीने वाचावा. दोन मिनिटांचे काम आहे.

सुतारास चाकाचा तुंबा, आरे आणि धाव सांगावी लागत नाही. कुंभारास फिरते चाक सांगावे लागत नाही, कोष्ट्यास सूत सांगावे लागत नाही आणि शेतकऱ्यास हिरवा रंग सांगावा लागत नाही. या झेंड्यात जे जे आहे ते आमच्या हातांच्या ओळखीचे आहे. मग त्याचा अर्थ विचारावयास आम्ही दुसऱ्याच्या ओसरीवर का जावे? बंधूंनो, भगिनींनो, हा ठराव पाठ करा, मुलांस सांगा, शेजाऱ्यास सांगा. अर्थ घरात असला म्हणजे मध्यस्थाचे दुकान आपोआप बंद पडते.